तेहतीस फुटांवरची टिटवी

मी नकाशे काढतो. क्रांती चौकातल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे आणि तिथं सव्वीस वर्षं माझं हेच काम चाललंय. आधी ट्रेसिंग पेपरवर, आता कॉम्प्युटरवर. कुणाचं घर, कुणाचं दुकान, कुणाच्या शेताचे तुकडे पाडून केलेलं प्लॉटिंग. जगाकडं वरून बघायची डोळ्यांना सवय लागून गेली आहे. बायको म्हणते, तुम्हाला माणसाचं तोंड ओळखायचं तरी आधी प्लॅन लागेल. तिचं खरं आहे, पण हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही.

आज लिहायला बसलो ते एका टिटवीपायी. टिटवीपायी म्हणणंही खोटंच. तिनं काय केलं? अंडी घातली. बाकीचं सगळं मी केलं.

आमचं घर मुकुंदवाडीत, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. तळमजला, वर दोन मजले आणि त्यावर उघडी गच्ची. आई थकत चालली तेव्हा गच्चीवर तिच्यासाठी एक खोली बांधायचं माझ्या डोक्यात आलं. खडी आणून वर टाकली, विटाही थोड्या चढवल्या. आईला कळल्यावर ती गावाहून फोनवरच ओरडली, “मला काय कबुतरावाणी वर नेऊन ठेवतो व्हय रे? मी नाय येत. मला जमिनीवर मरू दे.” आणि त्याच हिवाळ्यात ती गावी, जमिनीवरच गेली. खोली बांधायची राहून गेली. खडी गच्चीत एका कोपऱ्यात पसरून पडली ती पडलीच. उचलून खाली टाकायचा मला धीर झाला नाही आणि बायकोचे गुडघे दुखतात, त्यामुळं ती वर जात नाही.

मे महिन्यात एका सकाळी नळाला पाणी येणार होतं म्हणून टाकी बघायला वर गेलो. आमच्याकडं पाणी कितीतरी दिवसांनी येतं, त्या दिवशी सगळी गल्ली टाकीपाशी उभी असते. दार उघडून पाऊल टाकलं तोच एक पक्षी किंचाळत माझ्या अंगावर आला. पिवळे लांब पाय, काळा गळा, डोळ्यांपुढं तांबडा पदर. टिटवी. गच्चीवर टिटवी? मी दाराआड झालो आणि फटीतून बघत राहिलो. ती खडीकडं गेली, इकडं तिकडं बघितलं आणि पंख थोडे सोडून बसली. मग मला दिसलं. खडीतच, खडीच्याच रंगाची, काळे ठिपके असलेली चार अंडी. चारींची टोकं आत वळलेली. घरटं म्हणावं असं काहीच नाही, नुसते खडे बाजूला सारून केलेला खळगा.

मी खाली येऊन बायकोला सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, “टिटवी घरावर ओरडू नये. आधी ती अंडी उचलून कुठंतरी ठेवून या.”

मी म्हणालो, “तुमच्याकडं ओरडू नये. आमच्याकडं टिटवी पाऊस सांगते.”

हे मी थट्टेनं म्हणालो, पण म्हणतानाच आईची आठवण आली.

आमचं गाव लासूर स्टेशनच्या पुढं, थोडं आत. मे महिना लागला की आई रोज संध्याकाळी रानातून फिरून यायची ती टिटवीचं घर शोधत. सापडलं की हात न लावता लांबून बघायची आणि घरी येऊन सांगायची. टिटवीनं खोलगटात अंडी घातली म्हणजे पाऊस बेताचा. बांधावर, उंचवट्यावर घातली म्हणजे पाणी भरपूर, कारण तिला पिल्लं बुडायची भीती असते. चार अंडी म्हणजे चारी महिने पाऊस, आणि त्यांची टोकं खाली असली म्हणजे तो जमिनीत मुरणारा. त्यावर आमच्या घरची पेरणी ठरायची. वडील होते तेव्हा ते आधी कुरकुरायचे आणि मग आईचंच ऐकायचे. आईचा अंदाज किती वेळा खरा झाला हे कुणी मोजलं नाही. चुकला तेव्हाही टिटवीला कुणी बोल लावला नाही.

आई गेल्यावर शेत धाकट्या भावाकडं आहे. आमच्यात भांडण असं काही नाही. पण तो मला काही विचारत नाही. विहिरीत मोटर टाकली, कळलं नाही. बैल विकले, सहा महिन्यांनी कळलं. मी फोन केला की तो सगळं बरं हाय म्हणतो आणि मग आम्ही दोघंही गप्प बसतो. शहरात जाऊन रेघा ओढणाऱ्या माणसाला शेतातलं काय विचारायचं, असं त्याला वाटत असणार. मला त्याचा राग यायचा आणि राग यायचा म्हणजे वाईट वाटायचं. या वयात माणूस ते दोन्ही वेगळं करत बसत नाही.

तर मी त्याला फोन लावला आणि म्हणालो, “अरे, आपल्या गच्चीवर टिटवीनं अंडी घातली. चार.”

तो म्हणाला, “काय सांगतो दादा! इकडं औंदा एकबी घर सापडंना टिटवीचं. समदं रान पालथं घातलं. नाल्याचं खोलीकरण झालं, मशिनी फिरल्या, कुठं गेल्या काय मालूम. टोकं कुणीकडं हायती?”

“आत. खाली.”

“किती उंच हाय?”

आता कुणी उंची विचारली की मी गप्प बसू शकत नाही, हा माझा धंदा आहे. जोतं, तीन मजले, स्लॅबची जाडी धरून मी तोंडावर हिशोब केला आणि सांगितलं, “तेहतीस फूट.”

तो हसला. आई गेल्यापासून त्याचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. “आईनं ऐकलं असतं तर येडी झाली असती,” तो म्हणाला. “फोटो धाड.”

मी फोटो पाठवला. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज त्याचा फोन यायला लागला.

इथं थांबून एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण ती मी त्याला सांगितली नाही. आमच्या घरामागं तीन एकर पडीक रान होतं. बाभळी, कुसळी गवत, मधे मुरमाचा उघडा माळ. टिटव्या दरवर्षी तिथं असायच्या. उन्हाळ्यात पहाटे त्यांच्या ओरडण्यानंच जाग यायची. मालकांनी दोन वर्षांपूर्वी ते रान प्लॉटिंगला दिलं आणि त्याचा नकाशा आमच्याच ऑफिसात आला. तो मी काढला. रस्ते मी आखले, प्लॉट मी पाडले, नियमाप्रमाणं सोडायची मोकळी जागा नाल्याच्या कडेला एका कोपऱ्यात मी ढकलली, कारण तिथं तसंही काही बसत नव्हतं. यंदाच्या हिवाळ्यात रोलर फिरला. फेब्रुवारीत मी खिडकीतून बघत होतो, जेसीबीच्या पुढं पुढं एक टिटवी चालत होती आणि ओरडत होती. मार्चमधे त्या मोकळ्या जागेतही सिमेंटच्या विटांची थप्पी लागली.

म्हणजे ती गच्चीवर का आली हे मला ठाऊक होतं. पावसाचा काही संबंध नव्हता. तिला खाली जागाच उरली नव्हती. खडी दिसली, खडीत ती बसली. इतका साधा नकाशा मला वाचता येत नव्हता असं मी कुणाला सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

पण धाकटा रोज फोन करत होता. “आज काय करू राह्यली?” असं विचारत होता. बायको चहाचा कप हातात घेऊन माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, “नवीन लग्न झाल्यासारखे बोलता दोघं भाऊ.” मला ते आवडत होतं. मी सांगितलं नाही.

आता बियाण्याचं. आमच्या घरी एक बाजरी होती, कुसळाची. कणसाला बोटभर लांब केस. पाखरं बसली तरी त्यांना दाणा काढता येत नाही, चोचीला टोचतं. आईला माहेराहून मिळालेली. गावात सगळ्यांनी हायब्रीड आणली तेव्हा आईनं हट्टानं नाल्याकडच्या तुकड्यात तीच लावली. दरवर्षी स्वतः फिरून कणसं निवडायची, राख लावून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. भाकरीला ती जरा काळपट यायची, पण चव अशी की शहरात विकतची बाजरी आणली की मी दोन दिवस तोंड वाकडं करून जेवायचो. आई गेल्यावर धाकट्यानं ती तशीच चालवली. त्यानं आईसाठी आणखी काही केलं नसतं तरी चाललं असतं.

गेल्या वर्षी काढणीच्या तोंडावर पाऊस लागला तो थांबेचना. कणसं जागेवर काळी पडली, काहींना उभ्या ताटावर कोंब फुटले. धाकट्यानं त्यातून निवडून निवडून जे राखलं ते पायलीभर. डबा तळाला लागला होता. त्यानंतर ते बी दुसरीकडं कुठंही नव्हतं, आमच्या त्या डब्यात होतं तेवढंच.

रोहिणी निघत आल्या तेव्हा त्याचा फोन आला. तो म्हणाला, “दादा, धूळपेरणी करावी म्हणतो. नाल्याकडचा तुकडा तयार हाय.”

धूळपेरणी म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत बी टाकून ठेवायचं. पाऊस वेळेवर आणि नीट आला तर पीक आठ-दहा दिवस पुढं निघतं. नाही आला तर बी मातीत जातं. आई ती फार क्वचित करायची, टिटवी बांधावर असेल तरच.

“आईची बाजरी?” मी विचारलं.

“तीच. गेल्या साली उशीर झाला म्हणून तर पावसात सापडली. औंदा लवकर निघाली तर वाचंल.” मग त्यानं विचारलं, “समदं टाकू का निम्मं ठेवू?”

मी ऑफिसात होतो. समोर स्क्रीनवर कुणाचं तरी पार्किंग होतं. मला आठवतं, माझा हात माउसवर होता आणि मी तो उचलला. इतक्या वर्षांत त्यानं मला विचारलेली ही पहिली शेतातली गोष्ट होती. ‘निम्मं ठेव’ एवढे दोन शब्द होते. लहान पोरानंही तेच सांगितलं असतं. पण निम्मं ठेव म्हटलं म्हणजे टिटवीवर माझाच भरवसा नाही असं झालं असतं. मग तो का, असं विचारणार. मग मागचं रान, नकाशा, सगळं निघणार. आणि मी मोठा भाऊ म्हणून बोललेला पहिला शब्द खोटा पडणार.

“टाक सगळं,” मी म्हणालो. “चारी टोकं खाली आहेत.”

“मंग टाकतो,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतका मोकळेपणा होता की मला फोन ठेवल्यावर भूक लागली.

ऊन तेव्हा असं होतं की गच्चीवर दुपारी अनवाणी पाय टेकला असता तर फोड आला असता. टिटवी त्या स्लॅबवर दिवसभर उभी. बसत नव्हती, अंड्यांवर सावली धरून उभी असायची, चोच उघडी. मी एक घमेलं पाणी भरून ठेवलं. ती पाण्यात जाऊन पोट बुडवायची, ओल्या पिसांनी परत येऊन अंड्यांवर बसायची, दोन मिनिटांत वाळली की पुन्हा जायची. नर आला की तो तेच करायचा. बायको सुरुवातीला म्हणाली, “माणसांना पाणी नाही अन् तुम्ही पक्ष्यांना आंघोळी घाला.” पण आठ दिवसांनी भाजी धुतलेलं पाणी ती जिन्यात बादलीत काढून ठेवायला लागली.

मी रोज सकाळी आणि ऑफिसातून आल्यावर घमेलं भरायचो. मनातल्या मनात तिला म्हणायचो, बाई, माझी लाज राख. हे मी खरंच म्हणायचो. शिकलासवरलेला माणूस, लेव्हल आणि उतार समजणारा, आणि एका पक्ष्यापुढं पाण्याचं घमेलं घेऊन पाऊस मागत होतो.

मृग लागल्यावर गावाकडं एक सर झाली. एकच. पण शेतात ओल पोचली आणि सहाव्या दिवशी धाकट्यानं फोटो पाठवला. तपकिरी मातीत हिरव्या बारीक ओळी. खाली त्यानं लिहिलं होतं, आई उगवली. मी तो फोटो ऑफिसात चौघांना दाखवला. काही न समजता त्यांनी छान छान म्हटलं.

त्याच आठवड्यात अंडी फुटली. सकाळी वर गेलो तर चार पिल्लं, अंग वाळवून उभी सुद्धा राहिलेली. कापसाच्या बोंडाएवढी, काड्यांसारख्या पायांवर. टिटवीची पिल्लं घरट्यात बसून खात नाहीत, पहिल्या दिवसापासून आईमागं चालतात आणि स्वतःचं स्वतः टिपतात. रानात ठीक आहे. गच्चीवर कुठं चालणार? चारी बाजूंनी तीन फुटी कठडा. टिटवी कठड्यावर उभी राहून त्यांना बोलवत होती आणि पिल्लं कठड्याच्या कडेकडेनं पळत होती. मी विचार केला, संध्याकाळी टोपलीत घालून खाली नेऊन सोडतो. पण सोडायचं कुठं, हे ठरेना. म्हटलं, ऑफिसात बसून ठरवू.

संध्याकाळी आलो तेव्हा गच्चीवर एकही पिल्लू नव्हतं. टिटवी कठड्यावरून एका कोपऱ्याकडं बघत ओरडत होती. त्या कोपऱ्यात पावसाचं पाणी जायचं भोक आहे, जाळी नसलेलं, चार इंची. सगळ्या स्लॅबचा उतार त्या भोकाकडं आहे. गच्चीवर सावली म्हणून जी काय असते ती दुपारी तिथंच असते. पिल्लं उतारानं चालत गेली, सावली दिसली, आत शिरली. उतार मी दिलेला. आमच्या घराचा नकाशाही मीच काढला आहे.

खाली जाऊन पाइपाला कान लावला. आतून बारीक आवाज येत होता. तळमजल्याच्या वाकणाशी, जिथं पालापाचोळा अडकतो, तिथून. मी हॅक्सॉ आणली आणि पाइप कापायला लागलो. बायको बॅटरी धरून उभी होती, भर उजेडात, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचत नव्हतं. घाईत पातं दोनदा मोडलं. पाइप निघाला तेव्हा आवाज थांबला होता. तीन पिल्लं हाताला लागली. एक अजून उबदार होतं. ते मी ओंजळीत धरून बसलो आणि वरून त्याची आई ओरडत राहिली. चौथं कुठं गेलं ते कळलंच नाही.

बायको म्हणाली, “आता उठा.” मी उठलो. प्लंबर येऊन पाइपाला जोड देऊन गेला. गच्चीवर जाणं मी सोडलं. टाकीचं बटण खालूनच बंद करायला लागलो.

मग पाऊस गेला तो गेलाच. आर्द्रा कोरड्या लागल्या. धाकट्याचे फोन आधी लांब होते ते आखूड झाले. “ढग येते, जाते.” “वारा सुटला लई.” “पात्या वळू राह्यल्या.” शेवटी एकदा तो म्हणाला, “ये जमलं तर.” त्यानं ये म्हणणं म्हणजे काय, हे मला कळलं. शुक्रवारीच मुकुंदवाडीहून रेल्वेनं लासूर स्टेशनला उतरलो.

बाकी गावानं पेरलंच नव्हतं. सगळं रान काळं, वाट बघत पडलेलं, आणि त्यात आमचा एक तुकडा हिरवा म्हणावा तर पिवळा. धाकटा म्हणाला, “पारावरचं म्हातारं काय म्हणतं म्हायती? टिटवी बंगल्यात राह्यला गेली, आता तिला पाऊस कशाला पाह्यजे?” सांगून तो हसला. मी हसलो नाही.

विहिरीच्या तळाला हातभर गढूळ पाणी होतं. मोटरीला ते ओढेना. आम्ही एकच ओळ धरली, नाल्याला लागून असलेली. तो पोहऱ्यानं पाणी शेंदायचा, मी कळशीनं नेऊन तांब्या तांब्यानं एकेका रोपाच्या बुडाशी घालायचो. शनिवार दिवसभर, रविवार दुपारपर्यंत. रोपं पेनाच्या नळीसारखी आवळून गेली होती. पाणी पडलं की माती चुर्र वाजायची.

“येवढी ओळ निसवून कणसात आली तरी बी हाती येतं,” तो म्हणत होता. “मूठभर बी पुरंल. आईच्या माहेराहून किती आलं असंल? मूठभरच ना?”

मी दहा वेळा तोंड उघडलं. कळशी घेऊन जाताना वाक्य जुळवायचो आणि रोपापाशी वाकलो की ते मोडायचं. त्याच्या हाताला दोराचे वळ उठले होते. त्या माणसाला मी काय सांगणार होतो? की तू टिटवीवर नाही, माझ्या मोठेपणावर बी टाकलंस? सोमवारी ऑफिस होतं. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं मी परत आलो आणि डब्यात बसल्यावर मला रडू आलं. समोरच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली, ती मला घेववेना.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. “आटली हीर,” एवढंच म्हणाला. मग, “ओळ बी गेली.”

मी पुढचे पंधरा दिवस वेड्यासारखा फिरलो. लासूरच्या बाजारात, इकडं शहरातल्या धान्याच्या मोंढ्यात, ज्याच्या त्याच्या ओळखीच्या गावात विचारलं, कुसळाची बाजरी आहे का? दुकानदार पिशव्या दाखवायचे, चकचकीत, वर कणसाचं चित्र. कणसाला केस नाहीत. एकानं विचारलं, “जुनी काय करायची साहेब? भाव नाय तिला.” आईच्या माहेरी फोन केला. तिथल्या मामेभावाला तर अशी बाजरी असते हेच माहीत नव्हतं. रात्री बायको म्हणाली, “ती टिटवी पुन्हा ओरडायला लागलीय बघा वर.” मी म्हणालो, “ओरडू दे.”

पुनर्वसू निम्मं सरलं होतं तेव्हा धाकटा अचानक घरी आला. हातात काहीच नव्हतं. दरवेळी तो काही ना काही घेऊन येतो, भुईमुगाच्या शेंगा, मेथी, निदान कढीपत्ता. बायकोनं पाणी दिलं, ते उभ्यानंच प्याला आणि म्हणाला, “वहिनी, च्या नंतर घेतो. दादा, मला ती टिटवी दाखव.”

मी नको म्हणणार होतो. काय कारण देणार? किल्ली घेतली. जिना चढताना त्याच्या चपलांचा आवाज माझ्यामागं येत होता आणि मला वाटत होतं हा जिना संपूच नये. दार उघडलं. टिटवी तशीच किंचाळत अंगावर आली. खडीत, त्याच खळग्यात, पुन्हा चार अंडी होती.

धाकटा अंड्यांकडं थोडा वेळ बघत राहिला. मग कठड्यापाशी गेला. तिथून मागं काय काय दिसतं ते त्यानं बघितलं. गच्च्या. टाक्या. नवे रस्ते, रस्त्याच्या कडेला रोवलेले प्लॉटचे दगड, निम्मी उभी राहिलेली घरं. एकही हिरवा ठिपका नाही. तो शेतकरी माणूस आहे, रान बघायला त्याला वेळ लागत नाही.

“हितं काय होतं आधी?” त्यानं विचारलं.

“माळ होता,” मी म्हणालो. “टिटव्या तिथंच अंडी घालायच्या. दरवर्षी.”

“कवा गेला?”

“हिवाळ्यात. नकाशा मीच काढला.”

तो वळला नाही. “म्हंजी तुला ठावं होतं.”

“हो.”

“मी इच्चारलं तवा?”

“हो,” मी म्हणालो. “तू पहिल्यांदा विचारत होतास म्हणून...” खरं कारण होतं तेच बोललो होतो आणि ते फारच हलकं निघालं.

मला वाटलं तो आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तो म्हणाला, “पयल्या पिल्लांचं काय झालं?”

मी सांगितलं. उतार, भोक, पाइप, सगळं. सांगताना कोपऱ्याकडं हात केला. तो त्या भोकाकडं चालत गेला, उकिडवा बसला, आत बघितलं आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, “अन् हे अजून उघडंच?”

ती पुन्हा बसली आहे हे मला तिच्या ओरडण्यावरून कळत होतं. एक वीट पुरली असती.

तो उठला. टिटवी डोक्यावरून घिरट्या घालत असताना त्यानं अंड्यांपासून लांबची खडी दोन्ही ओंजळींनी उचलून आणली आणि भोकात भरायला लागला. आईच्या खोलीसाठी आणलेली खडी. वर त्यानं दोन विटा आडव्या ठेवल्या, हलवून बघितल्या. मी नुसता उभा होतो. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून, सव्वीस वर्षांची सवय म्हणून, माझ्या तोंडातून निघालं, “पाऊस आला तर सगळं पाणी गच्चीत तुंबेल.”

तो हात झटकत म्हणाला, “तुंबू दे. येऊ तर दे आधी.”